वाचकांचे प्रश्न : उंची निसटते तेव्हा कॉकपिटमध्ये काय चाललेलं असतं?

विमानाची उंची आणि कॉकपिटमधले व्यत्यय याविषयी नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी बरंच विचारलं आहे. एकाच शंकेची पत्रं एकत्र करून सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

ओझरहून दिल्लीला जाताना विमान उडाल्यावर लगेच बेल वाजवली. खालची टेकडी कुठली, एवढंच पायलटना विचारायचं होतं. हवाईसुंदरी म्हणाली, "आत्ता त्यांना फोन करता येणार नाही." नंतर घोषणा मात्र छान गप्पा मारल्यासारखी झाली. हा काय प्रकार?
— एक वाचक, सिडको

तिने नियम पाळला. उड्डाणापासून १०,००० फूट गाठेपर्यंत, आणि उतरताना १०,००० फुटांखाली आल्यापासून विमान थांबेपर्यंत, कॉकपिटमध्ये उड्डाणाच्या कामापलीकडचा एक शब्दही बोलायचा नसतो. केबिनमधूनही फक्त सुरक्षिततेचं काही असेल तरच इंटरकॉम वाजवायचा. धूर, विचित्र आवाज, आजारी प्रवासी चालतात. टेकडीचं नाव आणि चहा चालत नाही.

अमेरिकेत हा नियम १९८१ मध्ये लागू झाला. त्यामागे प्रामुख्याने ११ सप्टेंबर १९७४ चा शार्लटचा अपघात होता. धुक्यात उतरताना वैमानिकांच्या राजकारणाच्या आणि जुन्या गाड्यांच्या गप्पा चालल्या होत्या. विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला टेकलं आणि ७२ जण गेले. यंत्रात बिघाड नव्हता. उंचीचे टप्पे मोठ्याने म्हणायचे असतात, ते म्हटले गेले नाहीत.

तुमच्या प्रवासात हा शांततेचा काळ फार नसतो. ओझरची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. म्हणजे चढायचे उरतात ८,१०० फूट, आणि मिनिटाला २,००० फूट चढणाऱ्या विमानाला त्यासाठी चार-पाच मिनिटं लागतात. उतरताना मात्र वेग कमी करायचा असतो, रांगेत लागायचं असतं, त्यामुळे हाच टप्पा लांबतो.

माझ्या मोबाइलमध्ये हवेचा दाब दाखवणारं अ‍ॅप आहे. ते घरात ९४० च्या आसपास आकडा देतं. हवामानाच्या बातमीत नाशिकचा दाब १,००८ सांगतात. फोन बिघडलाय की बातमी? आणि विमान यातला कुठला आकडा धरतं?
— निवृत्त शिक्षक, इंदिरानगर

दोन्ही बरोबर आहेत. फोन तुमच्या खोलीतला खरा दाब सांगतो. बातमीत तोच दाब समुद्रसपाटीवर आणून सांगतात, म्हणजे मुंबई आणि नाशिक यांची तुलना करता येते. नाशिक सुमारे ६०० मीटरवर आहे. तेवढ्या उंचीपोटी ७० हेक्टोपास्कलच्या आसपास दाब कमी भरतो. थंडीत समुद्रसपाटीचा आकडा १,०१५ असेल तर तुमच्या घरात ९४५ दिसेल, जुलैत १,००४ असेल तर ९३५.

विमानातला ऑल्टिमीटर म्हणजे उंचीच्या भाषेत बोलणारा हाच दाबमापक. त्याच्या तबकडीत एक छोटी खिडकी असते आणि शेजारी एक नॉब. विमानतळाचा समुद्रसपाटीला आणलेला दाब, ज्याला क्यूएनएच म्हणतात, तो खिडकीत लावला की काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. ओझरला जमिनीवर उभं असताना क्यूएनएच लावल्यावर काटा १,९०० च्या जवळ यायला हवा. साठ-पंचाहत्तर फुटांहून जास्त फरक पडला तर उडायच्या आधीच चौकशी करायची.

आता खिडकीत जानेवारीचा १,०१५ तसाच राहिला आणि जुलैत दाब १,००४ आहे असं समजा. एक हेक्टोपास्कल म्हणजे ढोबळमानाने २८ ते ३० फूट. अकराचा फरक म्हणजे ३०० फुटांहून थोडा जास्त. काटा वर दाखवतो, विमान खाली असतं. दाब पडला की चूक नेहमी याच धोकादायक बाजूला जाते.

इतके महिने आकडा तसाच कोण ठेवेल, असं वाटेल. पण प्रत्येक उड्डाणात तो दोनदा बदलावा लागतो. वर गेल्यावर, ठरलेली संक्रमण उंची ओलांडली की सगळी विमानं १,०१३ लावतात. त्याने खरी उंची कळत नाही, पण सगळ्यांचे काटे सारखेच चुकतात, त्यामुळे एकमेकांतलं अंतर बरोबर राहतं. उतरताना पुन्हा स्थानिक क्यूएनएच लावायचा. आणि नेमका तेव्हाच नियंत्रक नवी दिशा देतो, वेग कमी करायला सांगतो, केबिन तयार असल्याचा निरोप येतो, चेकलिस्ट निघते. नॉबकडे निघालेला हात रेडिओच्या बटणाकडे वळतो. पावसाळ्यातल्या ओझरला १,०१३ तसाच राहिला तर विमान २५० फुटांच्या आसपास खाली असतं. उत्तरेला सातमाळा रांग आहे, धोडप ४,८०० फुटांच्या घरात. ढगात डोंगरावरून ठेवलेलं किमान राखीव अंतर १,००० फूट धरा. त्यातला पाव हिस्सा एका विसरलेल्या नॉबने खाल्ला.

आणखी एक फसवी जागा. अमेरिकेत दाब इंचात सांगतात, आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये. तिकडे सवय झालेला वैमानिक जिथे "नऊ नऊ दोन" ऐकतो, म्हणजे ९९२ हेक्टोपास्कल, तिथे २९.९२ इंच लावून मोकळा होतो. ९९२ हेक्टोपास्कल म्हणजे खरं तर २९.२९ इंच. फरक ०.६३ इंचाचा, म्हणजे विमान ६०० फुटांहून जास्त खाली. म्हणून आकड्याबरोबर एककही बोलायचं.

कमर्शियल पायलट परवान्याचं शिक्षण घेते आहे. सेसना १७२ वर ३,५०० फुटांवर सरळ व्हायला सांगितलं की मी नेमकी पुढे जाते, कधी १५० तर कधी २०० फूट. एकटी असताना होत नाही. प्रशिक्षकांनी मध्येच काही विचारलं किंवा रेडिओ वाजला की होतं.
— विद्यार्थिनी, पंचवटी

प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. सरळ होता येत नाही असं नाही, सरळ व्हायचंय हे मधल्या वीस सेकंदांत डोक्यातून निघून जातं. गॅसवरचं दूध उतू जातं तेव्हा ते उतू जाईल हे ठाऊक नसतं असं थोडंच! दारावर कुणीतरी आलेलं असतं.

आधी हाताचं काम. चढण्याच्या वेगाचा दहावा भाग आधी सुरुवात करायची. मिनिटाला ७०० फुटांनी चढताय तर ७० फूट आधी, म्हणजे ३,४३० ला नाक खाली आणायला लागा. क्रम असा : आधी नाक क्षितिजावर आणा, वेग वाढू द्या, मग पॉवर क्रूझवर आणा, शेवटी ट्रिम, म्हणजे हाताचा जोर न लावता नाक तिथेच राहील असं जुळवणं. बरेच विद्यार्थी उंची आली म्हणून पॉवर आधी ओढतात. मग नाक खाली, उंची खाली, पुन्हा वर, असा झोका सुरू होतो. ट्रिम राहिलं तर हात स्टिअरिंगवर जोर लावत बसतो आणि नकाशाकडे मान वळली की तो जोर सुटतो. दोनशे फूट बहुतेक तिथेच जातात.

आता व्यत्ययाचं. पुढच्या चार सवयी एकाच दिवशी लावायला जाऊ नका. आठवड्याला एक पुरे.

क्लिअरन्स, म्हणजे नियंत्रकाची परवानगी, मिळाली की उंची गुडघ्यावरच्या पॅडवर लिहा, जुनी खोडा. दोन आकडे शेजारी दिसत राहिले की घाईत डोळा चुकीच्या आकड्यावर पडतो.

३,००० आलं की मोठ्याने म्हणा, "पाचशे बाकी." मोठ्या विमानात हजार बाकी म्हणतात, कारण तिथे ते हजार फूट वीस ते तीस सेकंदांत संपतात. हे वाक्य म्हटल्यापासून सरळ होईपर्यंत दुसरं काहीही हातात घ्यायचं नाही. नकाशा नाही, फ्रिक्वेन्सी बदलणं नाही. रेडिओवर तुमचं नाव पुकारलं तर "स्टँडबाय" म्हणायला लाजू नका. नियंत्रकाला दहा सेकंद थांबता येतं, विमानाला येत नाही.

प्रशिक्षकांनी प्रश्न विचारला तर उत्तर सरळ झाल्यावर द्या. ते मुद्दामच विचारत असतात. बरोबर उत्तरापेक्षा "सरळ होऊन सांगते" हे त्यांना ऐकायचं असतं.

चेकलिस्ट मध्येच तुटली तर अंगठा त्या ओळीवर दाबून ठेवा. अंगठा उचलावा लागला तर यादी पहिल्या ओळीपासून. "इथपर्यंत झालंच होतं" या वाक्यावर भरवसा नको. सुरू केलेलं काम मेंदू झालेलं काम म्हणून नोंदवतो.

पुढे एअरलाइनमध्ये जाल तेव्हाचं एक आत्ताच सांगतो. दहा हजार आणि अकरा हजार ही जोडी गोंधळासाठी कुप्रसिद्ध आहे, म्हणून अकरा हजार "वन वन थाउजंड" असं सुटं म्हणतात. आणि एकाच वाक्यात दिशा २१०, वेग २१० आणि फ्लाइट लेव्हल २१० (म्हणजे २१,००० फूट) यांतले दोन आले तर रीडबॅकमध्ये प्रत्येक आकड्याला त्याचं नाव लावूनच परत म्हणायचं. नुसतं "टू वन झिरो" म्हणून मोकळं होऊ नका.

ऑटोपायलट चालू असताना उंची चुकतेच कशी? आकडा दिला की तो धरून ठेवतो ना?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, अंबड

धरून ठेवतो, पण कोणत्या मोडमध्ये आहे ते बघावं लागतं. तीन गोष्टी वेगळ्या आहेत : खिडकीत निवडलेली उंची, विमान आत्ता काय करतंय तो मोड, आणि प्रत्यक्ष उंची. चुका या तिघांच्या मधल्या फटीत होतात.

एक नेहमीचा सापळा असा. विमान ३१,००० कडे चढतंय, शेवटचे काही शे फूट उरलेत, ऑटोपायलटने उंची पकडायला सुरुवात केली आहे. एअरबसच्या पडद्यावर तेव्हा 'एएलटी'पुढे छोटा तारा येतो. तेवढ्यात नियंत्रक ३३,००० देतो आणि वैमानिक लगेच नॉब फिरवतो. पकड सुटते. विमान 'व्हर्टिकल स्पीड' मोडमध्ये जातं आणि त्या क्षणी चढण्याचा जो वेग होता तोच धरून बसतं. इथे नवीन उंची वरच आहे म्हणून निभावतं. पण नियंत्रकाने खालची उंची दिली असती आणि पुढचं बटण दाबायचं राहिलं असतं, तर विमान निवडलेल्या आकड्यापासून दूर चढत राहिलं असतं. म्हणून नॉब फिरवला की नजर पडद्याच्या वरच्या ओळीवर न्यायची आणि मोड वाचून मोठ्याने म्हणायचा. निवडलेल्या आकड्याकडे दोघांनीही बोट दाखवायचं, दुसऱ्याने "चेक्ड" म्हणायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा बालिशपणा वाटतो. पण बोट दाखवताना डोळा आकड्यावर जातोच, नुसत्या होकाराला डोळ्यांची गरज लागत नाही.

दुसरी गोष्ट २९ डिसेंबर १९७२ ची, मायामीची. लॉकहीड ट्रायस्टार उतरताना पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. विमान २,००० फुटांवर, ऑटोपायलटवर, अंधाऱ्या दलदलीवर. सगळे त्या दिव्यामागे लागले. काच काढली, ती परत नीट बसेना. फ्लाइट इंजिनीअरला खालच्या कप्प्यात उतरून चाक बघायला पाठवलं. या झटापटीत कुणाचा तरी धक्का कंट्रोलला लागला असावा. उंची धरण्याचा मोड सुटला आणि विमान अगदी हळूहळू उतरू लागलं. २५० फूट घसरल्यावर इशारा वाजला, पण तो इंजिनीअरच्या जागेवरच्या स्पीकरवर. नियंत्रकाला रडारवर ९०० फूट दिसले. त्याने उंची विचारली नाही, "तिकडे कसं चाललंय?" एवढंच विचारलं. शंभराच्या आसपास माणसं गेली. चाक खाली येऊन लॉक झालेलं होतं, गेले होते फक्त दिव्यातले बल्ब.

आज अशा वेळी कॅप्टनने पहिलं वाक्य बोलायचं असतं ते दिव्याविषयी नाही. "विमान तू उडव, दिव्याचं मी बघतो." दोघांपैकी एकाने उंची, वेग आणि दिशा सोडून कशालाच हात लावायचा नाही.

१९९६ च्या चरखी दादरीच्या टकरीबद्दल नेहमी 'भाषेचा घोळ' एवढंच वाचायला मिळतं. नेमकं काय झालं होतं?
— वाचक, नाशिकरोड

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेल्या सौदी बोइंग ७४७ ला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. समोरून दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाक इल्युशिन ७६ ला १५,००० ची मर्यादा होती. नियंत्रकाने कझाक विमानाला समोरच्या विमानाची माहितीही दिली होती. इल्युशिन १५,००० वर थांबलं नाही, खाली येत राहिलं आणि दोन्ही विमानं १४,००० च्या जवळ आदळली. ३४९ जण गेले, एकही वाचलं नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली.

भाषा होतीच, पण कॉकपिटमधली कामाची वाटणी जास्त महत्त्वाची. इल्युशिनमध्ये रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि त्याच्यासमोर स्वतःचा ऑल्टिमीटर नव्हता. त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावावं लागे. म्हणजे आकडा कानावर पडलेला एक आणि दांडी हातात असलेला दुसरा. त्यात नियंत्रक समोरच्या विमानाचा १४० हा लेव्हल सांगतो. धांदलीत ऐकलेला शेवटचा आकडा डोक्यात राहतो, तो कुणाचा होता हे राहतंच असं नाही. म्हणून दुसऱ्या विमानाची माहिती ऐकल्यावर आपली स्वतःची उंची एकदा परत उच्चारायची शिस्त आहे.

दिल्लीत तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच वाट होती आणि रडारवर उंची दिसत नव्हती. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, उंचीही दाखवणारं दुय्यम रडार आलं, आणि टक्कर टाळणारी यंत्रणा, बोलीभाषेतला टीकॅस, भारतात सक्तीची झाली. टीकॅसने "क्लाइंब" म्हटलं आणि नियंत्रकाने उतरायला सांगितलं तर टीकॅसचं ऐकायचं. १ जुलै २००२ ला युबरलिंगेनच्या आकाशात एका विमानाने टीकॅसचं ऐकलं, दुसऱ्याने नियंत्रकाचं. दोन्ही खाली आली आणि ७१ जण गेले.

आता २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमध्ये फक्त १,००० फुटांचं उभं अंतर असतं. आपल्याकडे हे २००३ पासून आहे. मिनिटाला २,००० फूट चढणारं विमान नऊ सेकंदांत ३०० फूट जातं. शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग १,५०० च्या खाली आणा असं सांगतात ते यासाठीच. नाहीतर विमान बरोबर थांबणार असलं तरी वरच्याचा टीकॅस ओरडायला लागतो आणि दोन कॉकपिटमध्ये विनाकारण धावपळ होते.

द्राक्षबागेत फवारणीचा ड्रोन चालवतो. रिमोटवर ३ मीटर दाखवत असताना ड्रोन मांडवाच्या तारेला घासला. सेन्सर खराब म्हणून बदलला, तरी परत तेच. आम्ही ओझरपासून १० किलोमीटरवर आहोत, उंचीचा नियमही सांगा.
— द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

सेन्सर बदलायच्या आधी बघा की रिमोटवरचा आकडा कशापासून मोजलेला आहे. दाबमापकाची उंची ड्रोन जिथून उचलला त्या जागेपासून असते. विहिरीजवळच्या सखल कोपऱ्यातून उचललात आणि प्लॉटचं वरचं टोक दीड मीटर उंच असेल, तर तिथे तीनचे दीडच उरले. मांडवाची तार तर त्याहून उंच. उड्डाण प्लॉटच्या उंच टोकावरून करा. ड्रोन उन्हात तापलेला असेल तर सावलीत चार-पाच मिनिटं चालू ठेवून मग उचला; सेन्सर तापत असताना आकडा सरकतो.

खाली बघणारं रडार लावून उडवत असाल तर वेगळी अडचण येते. पाला भरगच्च असताना रडार मांडवाला जमीन समजतं आणि ३ मीटर वरून जातं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाला विरळ झाला की त्यातून खरी जमीन दिसते आणि ड्रोन तेवढा खाली येतो. तेच सेटिंग, तोच ड्रोन, पण तार आता मीटरभरावर. छाटणीनंतरच्या फवारण्यांना उंची नव्याने लावा.

रिमोटला मोबाइल जोडला असेल तर तो फ्लाइट मोडवर टाका. व्यापाऱ्याचा फोन आला की सगळा पडदा झाकला जातो. सोबत्याला ड्रोनकडे बघायला उभं करा आणि उड्डाण संपेपर्यंत त्याला औषध कालवायच्या कामाला लावू नका.

नियमाचं म्हणाल तर विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं, १२ किलोमीटरबाहेर ४०० फुटांपर्यंत. ८ किलोमीटरच्या आत आधी परवानगी. अंतर धावपट्टीपासून नाही, हद्दीच्या कुंपणापासून मोजायचं, त्यामुळे तुमचे १० किलोमीटर नक्की कुठून आहेत ते सरकारी ड्रोन नकाशावर गट बघून तपासा. देवळाली आणि गांधीनगरच्या लष्करी भागाजवळ तर नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन पेटीतून काढूच नका.

आणि 'घरी परत' उंची कितीवर ठेवली आहे तेही बघा. बॅटरी संपत आली की ड्रोन त्या उंचीने सरळ तुमच्याकडे येतो, वाटेत विजेची तार आहे की नारळ, हे बऱ्याच ड्रोनना कळत नाही. बांधावरचं सगळ्यात उंच जे असेल त्यात ५ मीटर मिळवा, आणि उचलायची जागा त्याच्या पायथ्यापेक्षा सखल असेल तर तो फरकही मिळवा.